चिऱ्यावरचा मासा

जुनं जपायचं कसं, हे भिकाजी मास्तरांना विचारावं! चित्रकलेचे निवृत्त मास्तर. हाताला काम नाही आणि डोक्याला आराम नाही. खारवीवाड्यातली बंदराकाठची जुनी वखार गावाने संग्रहालयासाठी दिली आणि हे झाले अध्यक्ष. वखारीची भिंत जांभ्या चिऱ्याची. ओल धरायची, तांबडी माती झरायची. मग मास्तरांनी काय करावं? खऱ्या चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा मारून घेतला आणि गिलाव्यावर स्वतःच्या हाताने खोटे चिरे रंगवले! तांबडा रंग, पांढऱ्या रेघा. वर येणाऱ्याजाणाऱ्याला, "ओळखा बघू, खरा की रंगवलेला?" लोकही भले, "खऱ्याहून बरा," म्हणायचे. मास्तर पंधरा दिवस हवेत होते.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी सोनूकाकी आली. पंच्याऐंशीची म्हातारी, हातखंब्याला लेकीकडे असते. खास रिक्षा करून आलेली. आत शिरली ती डाव्या हाताची भिंतच चाचपायला लागली.

"मास्तर, हितला मासा कुठं गेला?"

"कसला मासा, काकी?"

तिच्या नवऱ्याने, सदूने, नवी होडी घेतली त्या नारळीपुनवेला तिथल्या चिऱ्यावर छिन्नीने मासा कोरला होता. पुढच्या मोसमात होडी त्याला घेऊन गेली ती गेलीच. फोटो काढायची तेव्हा ऐपत कोणाची! त्याच्या हातचं एवढंच उरलेलं, आणि मरायच्या आधी एकदा त्यावर हात फिरवायचा होता तिला.

मासा मास्तरांनी पाहिला होता. पोरांचा चाळा समजले होते. "शेपूट चुकलंय," असंही गवंड्याला ऐकवलं होतं. शेवटी चित्रकलेचे मास्तर ना!

त्यांनी हातोडी आणली आणि स्वतःच गिलावा फोडायला घेतला. पंधरा दिवसांची कलाकुसर पाच मिनिटांत पायाशी पडली. आतून खरा चिरा निघाला, पण गिलावा धरावा म्हणून गवंड्याने त्याच्यावर छिन्नीचे टाचे मारून खड्डे पाडलेले. "दाबून मार रे बाळा," असं सांगणारे मास्तरच.

काकीचा हात एका रेघेवर थांबला. "हां, ह्येच शेपूट! आणि डोळा? डोळा खोल केलेला त्यानं. ह्यातला कंचा, मास्तर?"

जांभ्याला मुळातच भोकं, त्यात टाच्यांची भर. कुठलंही एक दाखवलं असतं तर म्हातारी सुखाने घरी गेली असती. भिंतभर खोटे चिरे रंगवणाऱ्याला एक खोटा डोळा जड होता होय? बोट उचललंही त्यांनी. पण तिच्या तोंडाकडे बघवेना.

"माहीत नाही, काकी. मीच फोडायला लावला तो."

काकी रागावली नाही. तेच मास्तरांना जास्त लागलं.

"गप ऱ्हावा जरा," ती म्हणाली आणि वरच्या भोकापासून एकेकात बोट घालू लागली. "बोटाला कळंल."