गाडीखालचा पाचवा

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, पण मला बघून तुम्हाला ते पटणार नाही. माझ्या अंगावरच्या खाचा जशाच्या तशा आहेत. एक साधा खडासुद्धा त्यांत कधी रुतलेला नाही. लोक वाकून बघतात आणि म्हणतात, "अरे, हा तर कोरा आहे!" हे ऐकून मला खरं तर बरं वाटायला हवं, पण माझा तिळपापड होतो. टायरने कोरं राहावं यासारखी दुसरी शिक्षा नाही.

मी स्टेपनीचा टायर. पिकअप गाडीच्या पोटाखाली साखळीने टांगलेला.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून आम्ही पाच भाऊ एकापाठोपाठ बाहेर पडलो. त्याच रबराचे, त्याच मापाचे, तोच वास अंगाला. गाडीवर चढवताना कामगाराने चौघांना चाकांवर घेतलं आणि पाचवा जो हाताला लागला त्याला खाली टांगलं. तो पाचवा मी. मीच का, हे मला कोणी सांगितलं नाही. आजही रात्रंदिवस तोच प्रश्न मला छळतो.

आमची गाडी जहाजातून कतारमध्ये दोह्याला आली आणि जहूरभाईंनी ती घेतली. जहूरभाई मूळचे रत्नागिरीचे. तिथल्या अल हिलाल भागात त्यांचं बिऱ्हाड, पत्नी अनीसा आणि मुलगी हनिया. त्यांचा धंदा पाण्याचे कूलर दुरुस्त करण्याचा. ते वर्ल्डकपच्या तयारीचे दिवस होते. सगळं शहर उकरून ठेवलेलं, जिकडेतिकडे क्रेन उभ्या. एवढ्या उन्हात काम करणाऱ्या माणसांना थंड पाणी नको का? मग आमची गाडी कॉम्प्रेसर, पाइप आणि गॅसच्या टाक्या लादून या साइटवरून त्या साइटवर पळायची. सर्वांत जास्त फेऱ्या व्हायच्या त्या उत्तरेच्या रस्त्यावर बांधत असलेल्या तंबूसारख्या स्टेडियमकडे.

म्हणजे पळायचे ते चौघे. मी नुसता लोंबकळायचो.

मला मागचे दोघेच दिसत, पण तेवढे पुरेसे होते. काय तो त्यांचा तोरा! डांबरावर गरम व्हायचे, वाळूत बुडून वर यायचे, संध्याकाळी जहूरभाई पाइप घेऊन त्यांना न्हाऊमाखू घालायचे. कधी बुटाने हलकेच ठोकायचे आणि म्हणायचे, "माशाल्ला, काय टायर आहेत!" त्या पाण्याचे चार शिंतोडे उडाले तर माझ्यावर उडायचे. मी ते अंगावर वाळेपर्यंत सांभाळून ठेवायचो.

एकदा गॅरेजवाल्याने विचारलं, पुढचे टायर मागे घेतो आहे तर पाचवाही चाकावर घेऊन फिरवू का? जहूरभाई म्हणाले, "नको, नको. तो कशाला झिजवायचा? राहू दे ठेवणीत."

ठेवणीत! त्यांच्या घरात चांगल्या वस्तूचं हेच व्हायचं. काचेचा डिनर सेट कपाटात, सोफ्यावरचं प्लॅस्टिक तसंच, आणि मी गाडीखाली. जहूरभाईंना ती माया वाटायची. मला मात्र शेजारच्या तापलेल्या सायलेन्सरची धग लागायची, उन्हाळ्यात रस्ता भाजून काढायचा, आणि माझ्या कडेला केसाएवढ्या बारीक चिरा पडायला लागल्या. त्या बघायला वाकतो कोण?

माझे ते चार भाऊ झिजून गुळगुळीत झाले आणि एके दिवशी गेले. मला त्यांच्या झिजण्याचाही हेवा वाटला. त्यांच्या जागी दुसरे आले, तेही झिजले. मग एका हिवाळ्याच्या तोंडावर जहूरभाई आणि अनीसा नवे टायर घ्यायला इंडस्ट्रियल एरियात फजलभाईंच्या दुकानात गेले. तुम्ही म्हणाल, कतारमध्ये कसला हिवाळा? बर्फ नाही, हे खरं. पण तेव्हाच पाऊस येतो, रस्त्यांवर तळी साचतात, सकाळी धुकं असतं, समुद्राकाठच्या खारट जमिनीचा चिखल होतो. आणि त्याच दिवसांत शुक्रवारच्या सुट्टीला सगळे वाळूत सहलीला जातात.

जहूरभाईंचा जीव जडला होता मोठ्या दातांच्या मड टायरवर. त्यांचा मेहुणा तनवीर, उत्तर टोकाला अल रुवैसच्या मासळी बंदरावर कामाला असलेला, असलेच टायर लावून मिरवायचा.

"बघ तरी कसा दिसतो! तनवीरच्या पिकअपला हेच आहेत."

"अहो, दिसण्याचं काय घेऊन बसलात?" अनीसा म्हणाली. "तनवीर चिखलात जातो रोज. तुम्ही आठवड्याचे सहा दिवस लोड घेऊन डांबरावर असता. पावसात ब्रेक मारला तर हे थांबतील का?"

फजलभाई हसले. "भाभी सही बोल रही हैं. गीले रोड पे ये फिसलेगा, आवाज़ भी करेगा."

"आणि साधे रोडचे घेतले तर शुक्रवारी वाळूत रुतून बसू," जहूरभाई कुरकुरले.

शेवटी मधले निवडले. खाचा थोड्या खोल, ओल्या रस्त्याला धरून राहणारे, आणि वजन पेलायला बाजू जाड. फजलभाईंनी ते एकेक करून दाखवले, दोघांनी हात फिरवून पाहिला, अनीसाने तर वाससुद्धा घेतला. एवढं कौतुक! नवऱ्या मुलाला बघायला आल्यासारखं. मी खालून जळत होतो.

मग फजलभाई म्हणाले, "स्टेपनी का क्या?"

मित्रांनो, माझं नाव कोणीतरी काढलं होतं! जहूरभाई खाली वाकले, माझ्यावर टकटक केलं आणि उठले. "वो तो नया ही है. एक दिन भी नहीं चला. खलास, चार लगा दो."

त्याच हिवाळ्यात घरात आणखी एका पाचव्याची गोष्ट सुरू झाली. तंबूसारखं स्टेडियम तयार झालं होतं आणि तिथे वर्ल्डकपच्या तयारीचा एक सामना होणार होता. खेळाडूंचा हात धरून शाळेतल्या काही मुली मैदानात उतरणार होत्या. हनिया फुटबॉल खेळायची, तिचं नाव नक्की येईल असं सगळ्यांना वाटत होतं. नाव आलं, पण राखीव म्हणून. कोणी आजारी पडली तरच हिचा नंबर.

"म्हणजे तू स्टेपनी!" जहूरभाई गमतीने म्हणाले.

हनिया रडत खाली आली. गाडीजवळ बसली, वाकली, आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे नीट बघणारं ते पहिलं माणूस. "यू टू?" ती म्हणाली आणि बाहीने माझ्यावरची माती पुसली. तिलाही त्या निवडलेल्या मुलींचा भयंकर हेवा वाटत होता. ते मला तिच्या नाक ओढण्यावरून कळलं.

पण हनिया माझ्यासारखी लोंबकळत राहिली नाही. प्रत्येक तालमीला गेली. बाकीच्या चालायच्या, ही बाकावर बसून बघायची आणि घरी आल्यावर गाडीभोवती फेऱ्या मारत तीच पावलं टाकायची. पांढरा टीशर्ट आणि बूट असलेली पिशवी जिथे जाईल तिथे तिच्याबरोबर. अनीसा दर तालमीनंतर विचारायची, "बूट आवळत नाहीत ना? पावलं आठवतात ना?" तिला कोणीतरी विचारत होतं. मला त्याचाही हेवा वाटला.

सामना शुक्रवारी संध्याकाळी होता. हनियाचं मन रमावं म्हणून तिघं दुपारी तनवीरकडे अल रुवैसला जेवायला गेले होते. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. जेवण संपतंय तोच शाळेच्या विभावरी मॅडमचा फोन आला. एका मुलीला ताप भरला होता. हनिया चारपर्यंत स्टेडियमच्या गेटवर पोहोचेल का?

"आय ॲम रेडी!" हनिया ओरडली. पिशवी तिच्या खांद्यावर होतीच.

जहूरभाई तर तिच्यापेक्षा जास्त खूश. ज्या स्टेडियमवर त्यांनी इतके कूलर बसवले, तिथे त्यांची मुलगी उतरणार होती आणि ते गॅलरीतून बघणार होते. "यल्ला, यल्ला!" करत सगळे गाडीत बसले.

निम्मा रस्ता झाला आणि मागच्या उजव्या टायरमध्ये सळईचा तुकडा घुसला. फुस्स! चौघांतला हाच सर्वांत नाकाने कांदे सोलणारा. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की विचारू नका. आता माझी पाळी! आता हनियाला मी नेणार!

जहूरभाईंनी दांडा घालून साखळी सोडायला घेतली. ती गंजलेली, कुरकुरत सैल झाली आणि मी धप्पदिशी रस्त्यावर पडलो. ओला, गार, खरखरीत रस्ता! जन्मात पहिल्यांदा मी जमिनीला टेकलो होतो. जहूरभाईंनी मला उभं केलं. मी उभा राहिलोच नाही. गोधडीसारखा दुमडलो. माझ्यात हवा नव्हती.

"असं कसं? नवा आहे हा!"

वाळूत चालवायला टायरची हवा कमी करतात, ती बाहेर आल्यावर परत भरायचा छोटा पंप गाडीत होता. त्यांनी तो लावला. हवा आत आली, मी फुगलो, जीव एकवटून धरून ठेवली. पण कडेच्या चिरांतून बारीक सूं सूं येऊ लागलं. अनीसाने बोट फिरवलं तर काळ्या रबराचा भुगा तिच्या बोटाला लागला.

"जोडतो, हळूहळू जाऊ," जहूरभाई म्हणाले. "चार वाजतील, अनीसा!"

"नाही."

"अगं, एक दिवसही वापरलेला नाही हा."

"वापरला नाही म्हणजे नवा नाही," ती म्हणाली. "या टायरवर मी माझ्या पोरीला बसवणार नाही. तनवीरला फोन लावा."

मला ओरडावंसं वाटत होतं, एकदाच! एकदाच लावून बघा मला! पण मला ठाऊक होतं, तिचंच बरोबर आहे. हनिया माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तनवीर आला तेच ते मोठ्या दातांचे टायर गुरगुरवत, चिखल उडवत. त्याच्या पिकअपला पुढची एकच सीट, मासळीच्या पेट्या मागे. अनीसा आणि हनिया दाटीवाटीने बसल्या. चौथ्या माणसाला जागा नव्हती.

"तुम्ही?" अनीसाने विचारलं.

"जा तुम्ही. इन्शाल्ला पोहोचाल," जहूरभाई म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला माझ्यावर बसले. दुसरीकडे कुठे बसणार, सगळं ओलं होतं.

संध्याकाळ झाली. पाऊस थांबला. दुरून, रस्त्याच्या टोकाला, स्टेडियमचे दिवे लागलेले दिसत होते. मग त्यांचा फोन वाजला. अनीसाने गॅलरीतून व्हिडिओ लावला होता. इवल्याशा पडद्यावर हिरवं मैदान, रांगेत उंच खेळाडू, आणि एकाचा हात धरून पांढऱ्या टीशर्टमधली हनिया. पावलं बरोबर टाकत, मान ताठ.

"उतरली रे, माझी स्टेपनी उतरली!" जहूरभाई म्हणाले. ते हसत होते आणि तळहाताने डोळे पुसत होते. तोच ओला हात त्यांनी माझ्यावर ठेवला. "माझं चुकलं. तुला एकदा दाबून तरी बघायला हवं होतं."

मित्रांनो, आयुष्यभर मी हेव्याने जळलो. चौघांचा हेवा केला, त्यांच्या आंघोळीचा, त्यांच्या झिजण्याचा. त्या संध्याकाळी मला हनियाचा हेवा वाटला तेवढा कोणाचाच वाटला नव्हता. तीही पाचवीच होती. पण तिचे बूट आवळतात का, हे कोणीतरी दर तालमीनंतर विचारलं होतं.

आता मी अल हिलालला इमारतीच्या दाराशी आडवा पडलेला असतो. माझ्या पोटात अनीसाने कढीपत्ता लावला आहे. तुम्हाला एकच विनवणी. घरी जा, गाडीखाली वाका, आणि तिथे जो टांगला आहे त्याची हवा आजच तपासा. आणि वर्गात कोणी बाकावर बसून असेल तर त्याला पावलं आठवतात का, विचारा. चांगली वस्तू ठेवणीत टाकून कोणाचं भलं होत नाही.

जहूरभाईंनी नवी स्टेपनी घेतली, फजलभाईंकडून, चौघांसारखीच जाड बाजूची. आता गॅरेजमध्ये पाचही टायर आळीपाळीने चाकांवर फिरवले जातात. दर शुक्रवारी सकाळी हनिया हवेचं मीटर घेऊन गाडीखाली सरपटते आणि आकडा मोठ्याने वाचते. मी इथून ऐकतो. कढीपत्त्याला पाणी घालतानाही ती माझ्याशी बोलते, नाही असं नाही. पण त्या नव्या स्टेपनीचा मला अजून हेवा वाटतो.

हनिया, दर शुक्रवारी ते मीटर एकदा मलाही लाव ना.