पंच्याहत्तरीची रेघ

कार्यालयात त्या बाईंना पाठीमागे सगळे ‘कात्री’ म्हणत. आरोग्य खात्यात नवी योजना आली, की तिच्यावर खर्च किती आणि त्यातून माणसांना निरोगी आयुष्य किती, हे त्या ताडून बघत आणि फुगवलेलं सगळं छाटून टाकत. वॉर्डातली नोकरी सोडून एक डॉक्टरीण त्यांच्या हाताखाली शिकायला आली, ती पहिलं काम मनाशी पक्कं करूनच: साठीपुढच्या प्रत्येकाची हाडांची तपासणी. आदल्या वर्षी तिचे वडील न्हाणीघरात घसरले, खुबा मोडला, आणि सत्तरीही न गाठलेला माणूस काठीवर आला. वेळीच तपासणी झाली असती तर, हा विचार तिची पाठ सोडत नव्हता.

महिनाभर खपून तिनं हिशोब मांडला. खर्चाच्या मानानं तपासणी झकास ठरत होती.

कात्रींनी एकच विचारलं, “कशाच्या तुलनेत?”

“काहीच न करण्याच्या.”

“आपण काहीच करत नाही? काही आरोग्य केंद्रांत तोल सांभाळायचे व्यायाम घेतात, ते कुठं गेले?”

डॉक्टरीण वरमली, पण हिरमुसली नाही. दुसऱ्याच दिवशी ती अशाच एका व्यायामवर्गात जाऊन बसली. म्हातारी मंडळी खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभी राहत होती, एकमेकांची टर उडवत होती. पडण्याचं प्रमाण तिथं खरंच घटलं होतं. तिनं सगळं नव्यानं मांडलं: आधी वर्ग, मग वर्गांवर तपासणीची भर. ही भर परवडत होती ती पंच्याहत्तरीच्या पुढेच. त्याआधी खर्च भरमसाट आणि पदरात फारसं काही पडत नव्हतं.

आकडे तिनं पुन्हा पुन्हा तपासले. रेघ हलेना.

योजना मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी तिनं वडिलांना सरळ सांगून टाकलं. “बाबा, माझ्या हिशोबानं तुमची तपासणी झालीच नसती.”

“म्हणजे पोटच्या पोरीनंच माझा पत्ता कापला!” ते हसले, मग त्यांनी विचारलं, “आणि त्या वर्गात मला घेतलं असतं?”

“असतं. पण आपल्या भागात वर्गच नव्हता.”

“मग उद्या त्याच्यासाठी भांड.”

बैठकीत समितीचे अध्यक्ष म्हणाले, “तपासणीचं यंत्र लोकांच्या डोळ्यांत भरतं हो. व्यायाम कुणाला दिसतो?”

“यंत्रं घेऊच, सर, पण मोजकी. उरलेल्या पैशात प्रत्येक केंद्रात वर्ग काढू. तेवढ्याच खर्चात कितीतरी जास्त माणसं आपल्या पायांवर राहतील.”

“आणि चौऱ्याहत्तरच्या माणसानं काय घोडं मारलंय?”

“काहीच नाही. म्हणून ज्याचं हाड आधी मोडलंय, त्याला कुठल्याही वयात घ्या, असं मी लिहिलंय. बाकी रेघ कुठंतरी पडणारच, सर. ती ओळखीपाळखीवर पडण्यापेक्षा हिशोबावर पडू दे. खुबा मोडला तेव्हा माझे वडील या रेघेच्या अलीकडेच होते.”

मग अध्यक्षांनी वर्गांसाठी जागा कुठून मिळतील ते विचारलं, आणि तासभर त्यावरच खल झाला. प्रस्ताव मंजूर झाला.

बाहेर आल्यावर कात्री म्हणाल्या, “वडिलांचं बोलायची गरज नव्हती. त्याच्याशिवायही हिशोब उभा होता.”

“माहितेय, मॅडम,” डॉक्टरीण म्हणाली. “म्हणूनच बोलले. हिशोबाला बाबांच्या काठीचा आधार लागला असता, तर नसते बोलले.”