नानांची उंची

आमच्या सासूबाई अंबूबाई, ज्यांना मी आई म्हणते, त्यांनी झाडाची दया अशी कधी केली नाही. मखमलाबादच्या आमच्या द्राक्षबागेत त्या आणि माझे सासरे गोटीराम नाना जोडीनं छाटणीला उभे राहायचे. "डोळे बघ आन् काप," एवढंच नाना सांगायचे. डोळा म्हणजे काडीवरची फूट निघायची जागा. आईंची कात्री त्या डोळ्याच्या वर अशी पडायची, की या बाईच्या तावडीत कुणी सापडू नये, असं छाटणीला येणाऱ्या टोळीतल्या बायका म्हणायच्या.

अशा या बाईनं मागच्या मार्गशीर्षात नाना गेल्यावर दारात गुलाब लावला. अस्थी रामकुंडात सोडल्या, पण मूठभर राख मागं ठेवली, अंगणातल्या खड्ड्यात घातली आणि त्यात गावठी गुलाबाची काडी रोवली. वर्षश्राद्धाला नानांच्या फोटोला याच गुलाबाचं फूल वाहायचं, हे त्यांनी तेव्हाच साऱ्या भावकीत जाहीर करून टाकलं. आणि एक कायदाही केला. या झाडाला कात्री लावायची नाही.

झाडाचे एवढे लाड झाले की मला हेवा वाटायला लागला. शेणखत झालं, ताक झालं, गूळपाणी झालं. रोज सकाळी आईंच्या कपातला अर्धा चहा तिथं ओतला जायचा, तोही गोडमिट्ट, कारण नानांना तसाच लागायचा. मुंग्यांनी आमच्या ओट्यावर संसार थाटला. गुलाब तर वाढतच सुटला. पावसाळा सरेपर्यंत ओसरीच्या पत्र्याला टेकला, पण नुसती पानं आणि काड्या. कळीचा पत्ता नाही.

"थोडा छाटतो गं आई," म्हणत माझा नवरा अमोल एकदा कात्री घेऊन पुढे झाला.

"बापाला कापतो का रं?" आई ओरडल्या.

तो कात्री खाली ठेवून चहा प्यायला बसला. आमच्या घरातल्या पुरुषांची मर्दुमकी एवढीच.

पण मला झोप लागेना. आता छाटला तरच वर्षश्राद्धाच्या सुमारास फूल येणार होतं. आई रोज मान उंचावून शेंड्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "शुभांगी, तुझी नजर चांगली हे. दिसती का गं एखादी कळी?" मी टाचा उंचावून बघायचे आणि नाही म्हणायचे. त्या दिवशी फोटोपुढे बाजारचं फूल ठेवायची वेळ आली, तर ही बाई खचून जाईल, हे मला कळत होतं. त्यांचं ते वाट बघणं मला बघवत नव्हतं.

दसरा झाला आणि बागेची छाटणी आली. सुरगाण्याहून कुसाबाईंची टोळी जीप भरून आली. आई कंबरेला पदर खोचून ओळीओळीतून फिरत होत्या. एका नव्या पोरीनं काडी लांब सोडली, तशा त्या कडाडल्या.

"अगं ए, दया येती का तुला झाडाची? घड पायजेत का नुसती पानं?"

माझा मुळातच तापट स्वभाव. तोंडून निघून गेलं, "आणि आपल्या दारात काय पाहिजे, आई? पानंच ना?"

सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या. आईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्या तरातरा घराकडे निघाल्या. झालं आता माझं कल्याण, असं म्हणत मी मागोमाग गेले.

पाहते तर त्या नानांची कात्री घेऊन गुलाबापुढे उभ्या. मान वर करून झाडाला म्हणत होत्या, "कवा व्हते हो तुमी एवढे उंच? माझ्या खांद्याला लागत व्हते. वर बघून बघून मान गेली माझी!"

खरंच होतं ते. लग्नाच्या फोटोत नाना पाटावर उभे आहेत आणि पाट साफ दिसतो. मला हसू फुटलं. आईही हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मग मीही रडले. सासूबाईंपुढे मी अशी मोकळेपणी पहिल्यांदाच रडले.

डोळे पुसून आईंनी डोळे बघून कापायला सुरुवात केली. जुन्या सरावाचा हात, एकदाही थबकला नाही. कापल्या जागी हळद लावली. छाटलेल्या काड्या मी उकिरड्यावर टाकणार, तेवढ्यात कुसाबाईंनी त्या लावायला मागितल्या.

"न्या की," आई म्हणाल्या. "बागेचं निमित्त सांगून जन्मात कुठं आले नाय माझ्यासंगं. फिरू द्या आता सुरगाण्याला!"

ओल्या गोणपाटात गुंडाळलेले नाना जीपमध्ये बसून गेले.

दारात उरले खुंट. भावकीतल्या लोकांनी झाड मेलं म्हणून सांगितलं. आईंनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मी मात्र येता-जाता खुंटांवर नजर टाकायचे, आणि एका सकाळी मला तांबूस फूट दिसली. थंडी पडू लागली तशा कळ्या धरल्या.

वर्षश्राद्धाच्या सकाळी गुलाबी फुलांनी झाड भरलं होतं. आईंनी पहिलं फूल खुडून फोटोला वाहिलं. मग अंगणात येऊन झाडाजवळ उभ्या राहिल्या. सगळ्यात वरचं फूल बरोब्बर त्यांच्या खांद्याला लागत होतं.

"आता कसे माझ्या मापाचे झाले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला हाक मारली. "शुभांगी, चहा आण. दोन कप. एकात साखर जास्त टाक."

मुंग्यांचं नाव न काढता मी तीन चमचे साखर टाकली.