गाळलेला सातवा अंक

भुजंगने टपालाने पाठवलेला 'वादळवीर' या चित्रकथामालिकेचा एकत्रित खंड वैजीनाथने तीन दिवस नुसता चाळला. पुठ्ठ्याची बांधणी, गुळगुळीत कागद, नव्याने भरलेले रंग. जुन्या अंकांतला निळा नेहमी रेषेबाहेर सांडायचा. आता तो शिस्तीत बसला होता. सोबतच्या चिठ्ठीत भुजंगने लिहिले होते की परभणीच्या साप्ताहिकात परीक्षण तुझेच हवे, ही मालिका तुझ्याइतकी कुणी वाचलेली नाही.

ते खरेच होते. हा मुखवट्याचा वीर दोघांनी कॉलेजात मिळून कल्पिलेला. पुढे भुजंग पुण्यात एका प्रकाशनाकडे कथा लिहायला गेला. वैजीनाथ पाथरीत मराठी शिकवत, कविता करत, दर अंकाचे परीक्षण लिहीत राहिला.

चौथ्या दिवशी त्याने जुने अंक शेजारी मांडले आणि पान पानाशी ताडायला घेतले. सहाव्या अंकाच्या शेवटी वादळवीर पुराच्या पाण्यातून वर येत होता, आणि लगेच समोरच्या पानावर शहरात त्याचा सत्कार चालला होता. सत्कार आठव्या अंकातला. मधला सातवा नव्हताच. अंकांचे क्रमांकही पुसून टाकले होते. नव्या वाचकाला जखमेचा वणसुद्धा दिसू नये.

सातवा अंक आसारामचा होता. आसाराम दोघांचा कॉलेजसोबती, आता पाथरीच्या एसटी स्टँडवर कारकून. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतरच्या दंगलीत त्याच्या वस्तीवरची घरे जाळली गेली. भुजंगने तो दिवस त्याच्याकडून तीनदा वदवून घेतला होता, आणि हे कायम छापील राहील असा शब्द दिला होता. त्या अंकात वादळवीर उशिरा पोहोचतो. घर जळून गेलेले असते. एक बाई रिकामी घागर घेऊन उभी असते, आणि ती त्याच्याकडे बघतही नाही. ती बाई म्हणजे आसारामची आई, सगुणाबाई. चित्रकाराने तिला फोटोवरून हुबेहूब काढले होते.

वैजीनाथने प्रस्तावना उघडली. एक अंक जाणकारांच्या सल्ल्याने वगळला आहे, असे भुजंगने क्रमांक न देता लिहिले होते, आणि खाली एका परीक्षणातले वाक्य, वैजीनाथच्या पूर्ण नावासह: हा अंक मालिकेत बसत नाही, इथे नायकाचे बळ कामाला येत नाही आणि कथा जागच्या जागी अडून राहते.

वाक्य त्याचेच होते. पण त्याने लिहिलेल्या परीक्षणात त्यापुढे चार ओळी होत्या: म्हणूनच हा मालिकेतला एकमेव खरा अंक, याच्यापुढे बाकीचे सारे खेळणी आहेत. कवितेच्या सवयीने तो सगळा अर्थ अखेरच्या ओळींत ठेवत असे, आणि मजकूर जास्त झाला की साप्ताहिकाचे संपादक दिनकरराव नेमके खालून छाटत. त्या आठवड्यात बियाण्यांची जाहिरात आली आणि त्या चार ओळी गेल्या. वैजीनाथच्या ते तेव्हाच ध्यानात आले होते. खुलासा मागावा, तर साप्ताहिकाच्या पुढच्याच अंकात त्याची कविता येणार होती. तो गप्प बसला. भुजंगला मात्र त्याने पूर्ण परीक्षण पत्राने कळवले होते, आणि भुजंगने त्यावर दोन पाने भरून आभार मानले होते.

त्या ओळी भुजंगला ठाऊक होत्या. हे ध्यानात आले तेव्हा वैजीनाथच्या बोटांखालचा कागद त्याला एकदम परका, ओलसर वाटला.

संध्याकाळी तो परीक्षणाची कार्बन प्रत घेऊन आसारामच्या खोलीवर गेला. स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला तोच खंड तिथे आधीच पोहोचला होता. तो सगुणाबाईच्या मांडीवर होता आणि ती एकेक पान उलटत होती.

आसारामने कार्बन प्रत शेवटपर्यंत वाचली आणि घडी घातली.

"हे छापून आलं व्हतं का?"

"न्हाई."

"मंग तू काय केलंस?"

वैजीनाथने दिनकररावांचे सांगितले, जाहिरातीचे सांगितले, आणि जरा थांबून कवितेचेही सांगितले.

"कविता लय चांगली व्हती," आसाराम म्हणाला. "मायला वाचून दाखवली व्हती मी."

"भुजंगला सगळं ठाऊक व्हतं, आसाराम. तरी त्यानं अर्धंच टाकलं."

"त्याला मी वळखून हाय. पुण्याला गेला, पुण्याचा झाला. तू तर हितंच व्हतास."

सगुणाबाई शेवटच्या पानापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यावर आली होती. तिने पुस्तक वैजीनाथपुढे सरकवले. "बाबा, तुमी शिकलेले. मला गावना झालंय. मी कोन्त्या पानावर हाय?"

त्याने पुस्तक घेतले. पुराचे पान आणि सत्काराचे पान यांच्यामधल्या शिवणीवर बोट ठेवले. "हितं व्हता तुमी, मावशी."

ती वाकून पाहत राहिली. डावीकडे पाणी, उजवीकडे हारतुरे.

"मंग काढलं कोनी?"

भुजंगचे नाव त्याच्या ओठांवर आले होते, आणि ते खोटेही नव्हते. आसाराम त्याच्याकडे बघत होता.

"माझ्या लिहिण्यावरून काढलं," वैजीनाथ म्हणाला.

सगुणाबाईने पुस्तक मिटले, पदराने वरची धूळ पुसली आणि ते त्याच्या हातात दिले. "मंग ठिवा तुमच्यापाशीच," ती म्हणाली, आणि चुलीकडे वळली.