समिधाच्या प्रोग्रॅमचा वेग

समिधाचं डोकं पार भणाणून गेलं होतं. चौक गावातल्या घरी बसून तिनं कंपनीचा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला होता. एकेक आकडा सोडवण्याऐवजी आठ-आठ आकडे एका झटक्यात उरकणारा. अन् चाचणीत निघाला जुन्यापेक्षाही हळू! साहेबांनी बजावलं होतं, आज वेग दिसला नाही तर घरून काम बंद, आणि पुढल्या सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं. म्हणजे आई, सोनाबाई, घरात एकटी. वडील नुकतेच गेलेले.

हे रडगाणं गायचं तरी कुणापुढं? गावात बोलायला माणसं ढीगभर, पण प्रोसेसर कुठं अडतोय असं विचारणारं एक नाही. त्यात आणखी गंमत. ही समोर बसली की प्रोग्रॅम सुसाट, आणि चाचणी लावून कर्जतला दातांच्या डॉक्टरकडे गेली की रडतखडत. भुताटकीच म्हणायची!

शेवटी तिनं चाचणीच्या नोंदी खरवडून काढल्या. आकडेमोडीत खोट नव्हती. प्रोसेसरच मध्येच मंदावत होता. फार तापला की तो स्वतःला आवरतो, आणि आठ-आठ आकड्यांचं काम त्याला जास्तच तापवतं. पण ही घरात नसतानाच का तापावा मेला?

दुपारी चाचणी लावून ती मुद्दाम बाहेर पडली, अन् थोड्या वेळानं गुपचूप परतली. कॉम्प्युटरवर जुन्या लुगड्याचं शिवलेलं कव्हर, मिक्सरला घालतात तसं, नाडी आवळून! शेजारी आई खुर्ची टाकून बसलेली.

"आई! अगं गुदमरतोय तो! माझी नोकरी घालवतेस काय?"

"हायवेची धूळ बसते म्हनून झाकलं गं," सोनाबाई चाचरली. "मला काय ठावं?"

समिधानं कव्हर ओढून काढलं. चाचणी पुन्हा लावली, प्रोग्रॅम सुसाट सुटला, वेगाचे आकडे साहेबांना धाडले. 'छान' असं उत्तर आलं, बास. तरी तिचा जीव भांड्यात पडला.

"आता मी इथंच राहणार, आई. आणि हे काम बघ, बसल्या बसल्या संपतं."

सोनाबाई हसली नाही. "म्हंजे ते लवकर गप होनार?"

"हो. का गं?"

"काय नाय. तू नसलीस का मी त्याच्याजवळ बसते. असलीस तरी दार लावूनच असतेस. त्याची घरघर आयकली का घरात कोनतरी हाय असं वाटतं."

समिधा आईला खेटून बसली.