बल्बांना लावलेलं हळदकुंकू

दिवे लावल्यावर अंधार वाढायचा, अशी गाडी अख्ख्या इंझोरी गावात एकट्या पुंजाजींकडे होती. डावा दिवा पोळ्यालाच वारला होता. उजवा इतका मिणमिणायचा की काजवे त्याला मागे टाकून पुढे जात, आणि जाताना वळून बघत की म्हातारा येतोय ना नीट. पाखरं काचेवर येऊन बसत आणि थंडी वाजते म्हणून उडून जात. हे खुद्द पुंजाजींनीच सांगितलेलं, म्हणजे निम्मं तरी खरं धरायला हरकत नाही.

पण मागच्या गुरुवारी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाही. बायकोला, सोजरबाईंना, त्यांच्या बहिणीकडून, अनसिंगहून परत आणताना दिवस कलला. समोरून ट्रक येताना दिसला म्हणून पुंजाजींनी गाडी कडेला घेतली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ट्रक हलेना. त्यांनी हॉर्न मारला, खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरला आईबहिणीवरून दोन शब्दही ऐकवले. शेवटी मागून सोजरबाई म्हणाल्या, "अहो, थे कडब्याची गंजी हाय."

ही बातमी अकोल्याला हरीओमच्या, म्हणजे त्यांच्या लेकाच्या कानी पोचली तेव्हा पुंजाजींची गाडी अजून गावाच्या वेशीतही शिरली नव्हती. ते घरी टेकताच फोन आला.

"बाबा, दोन वर्सांपासून म्हणून राह्यलो, डोळे दाखवा."

"डोळ्याले काय धाड भरली? लाईट कमी हाय, लाईट!"

"मंग असं करू. नवे बल्ब टाकून ठेवा. रविवारी येतो मी. दिवेलागणीले गाडीत बसू अन् पन्नास पावलांवरून किलोमीटरचा दगड वाचून दाखवा. वाचला तं गाडी तुमची. नाही वाचला तं इकून टाकू. गिऱ्हाईक पाहून ठेवलं हाय."

"पन्नास काहून? शंभरावरून वाचतो! दगडाच्या मागच्या बाजूचं बी वाचतो!"

फोन ठेवला आणि पुंजाजी ओट्यावर बसून राहिले. गाडीचं त्यांना एवढं नव्हतं. गाडी काय, लोखंड. पण सोजरबाईंचे गुडघे एसटीच्या पायरीला तयार नव्हते. गाडी गेली म्हणजे अनसिंगचा गुरुवार गेला. आणि दोघी बहिणी गुरुवारी भेटल्या नाहीत तर उरलेले सहा दिवस सोजरबाई कुणाशी भांडणार, हे पुंजाजींना चांगलंच ठाऊक होतं.

शनिवारी ते मंगरूळपीरला गफ्फारच्या दुकानी गेले. गाड्यांचे सुटे भाग विकणारा गफ्फार भला माणूस. त्याने दोन बल्ब काढले आणि म्हणाला, "लावून देतो चाचा, दहा मिनटाचं काम."

"नाही बाप्पा. तू लावले तं पोरगं म्हणीन, बाबाले दिसत नाही म्हणून मिस्तरी लागला. घरी लावीन मी. विहिरीतली मोटर म्या पाण्यात बुडी मारून सुधरवली हाय, तोंडातली बिडी इजू देल्ली नाही!"

"मोटरचं जमलं असन. पण हे काच लय नाजूक मिजाजची हाय. तिले हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं का गरम झाल्यावर तडकते. खालचं पत्र्याचं बूड धरा, बस."

"समजलं," पुंजाजी म्हणाले, आणि खरंच समजलं होतं. घरी येऊन हे दुसऱ्या कुणाला सांगायला हवं, एवढंच काय ते सुचलं नाही.

रविवारी दुपारी बल्बांची खोकी ओट्यावर ठेवून ते पक्कड शोधायला गेले. पक्कड त्या घरात नेहमी शेवटच्या जागी सापडायची, म्हणून ते शेवटच्या जागीच आधी गेले, तर ती पहिल्या जागी निघाली. परत येऊन बघतात तर पाटावर ताट, ताटात गहू, आणि गव्हात दोन्ही बल्ब नवरानवरीसारखे उभे. दोघांच्या पोटावर हळद, हळदीवर कुंकू, आणि मध्ये झेंडूचं फूल.

त्या घरात नवी वस्तू अशीच वापरात यायची. मिक्सरला कुंकू लागलं होतं, फवारणीच्या पंपाला लागलं होतं, हरीओमच्या लॅपटॉपलाही लागलं होतं आणि ते अजून एका बटणात अडकून होतं. सोजरबाईंची काही चूक नव्हती.

"काचेवर कुंकू ठरेच ना," त्या कौतुकाने सांगू लागल्या. "मंग म्या आधी खोबरेल तेलाचं बोट लावलं. कसं बसलं पाहा! देवाले म्हटलं, आमचा गुरुवार राहू दे."

पुंजाजींनी पक्कड खाली टाकली. "अवं, हे जरा पूस..." एवढं तोंडातून गेलं आणि जीभ जागच्या जागी थांबली. कुंकू. कुंकू पुसायचं, आणि तेही पंचेचाळीस वर्षं त्यांच्या नावाचं कुंकू लावणाऱ्या बाईला सांगायचं!

"काय पूस म्हणता?" सोजरबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हात. हात पूस म्हटलं. तेलकट झाला असन."

ते गोठ्यामागे गेले आणि गफ्फारला फोन लावला. "गफ्फार, काचेले हात तं नाही लागला. पण समज, जराशी हळद लागली तं?"

"हळद? चाचा, बल्बाचं लगन लावलं का?"

"तसंच समज. कुंकू बी हाय. खाली खोबरेल."

गफ्फार इतका हसला की गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. "मंग स्पिरिटनं पुसून टाका ना!"

"पुसता येत नाही रे."

मग गफ्फार हळूच म्हणाला, "चाचीनं लावलं का? मंग राहू द्या चाचा. बल्ब गेला तं बल्ब भेटते."

पुंजाजींनी बॉनेट उघडलं. उजव्या दिव्यामागचा प्लग ओढला, रबरी टोपी काढली, तारेची कडी दाबून जुना बल्ब सोडवला आणि नवा, बुडाला धरून, कुंकवासकट आत बसवला. पहिल्यांदा उलटा बसला. लावून पाहिला तर उजेड रस्त्याऐवजी समोरच्या कडुलिंबात शिरला, आणि सकाळ झाली समजून एका कोंबड्याने भरदुपारी बांग दिली. पुन्हा काढून सरळ बसवला.

डाव्या बाजूला मात्र बॅटरी आडवी आली. पुंजाजींचा पंजा म्हणजे फावडं. मनगटापर्यंत जाई आणि अडकून बसे.

"सरका तिकडं," सोजरबाई म्हणाल्या. त्यांनी बांगड्या कोपराकडे ढकलल्या आणि हात आत घातला. "इथं तीन कान लागून राह्यले हाताले."

"बल्बाचे कान हाय थे. रुंद कान वर. आता फिरव जरा. तसं नाही, अवं..."

"मले नका शिकवू. चाळीस वर्सं चुलीत हात घातला म्या."

खट्‌कन आवाज झाला. बल्ब बसला. त्या हात बाहेर काढून इतक्या झोकात उभ्या राहिल्या की जणू बॅटरीला आत्ताच बाळंत केलं होतं.

दिवेलागणीला हरीओम आला. तो पुढे बापाशेजारी बसला, सोजरबाई नेहमीसारख्या मागे. पुंजाजींनी दिवे लावले, आणि रस्त्यावर गुलाल उधळल्यासारखा उजेड पडला.

"बाबा, लाईट लाल काहून?"

"नवी कंपनी हाय."

गावाबाहेर दगडापासून पन्नास पावलांवर हरीओमने गाडी थांबवायला सांगितली. "हं. वाचा."

पुंजाजींनी बघितलं. उजेड भरपूर होता; रस्त्याच्या कडेची बाभूळ काट्या-काट्यानिशी उजळून निघाली असणार. पण त्यांना बाभूळ म्हणजे धूर दिसत होता, आणि दगडाच्या जागी एक पांढरी बकरी बसलेली दिसत होती. त्यांनी डोळे बारीक केले, मोठे केले, एक मिटला. बकरी उठेना. दोन वर्षं ते ज्या लाईटला शिव्या घालत होते ती आज दिवाळीसारखी जळत होती, आणि आता शिवी घालायला कुणी उरलं नव्हतं.

तेवढ्यात फट्! डावा दिवा गेला.

"अरे!" हरीओम म्हणाला. "नवा बल्ब असा कसा फुटला? काचेले तेलबिल लागलं होतं का, बाबा?"

मागच्या सीटवर बांगड्यांचा आवाज एकदम थांबला.

हरीओम जरा नरमला. "जाऊ द्या. एका लाईटीवर परीक्षा नको. बल्ब बदला, पुढच्या रविवारी पाहू."

झाली की सुटका! एक आठवडा आयता मिळत होता. फक्त मान हलवायची. आणि बल्ब कशाने फुटला, ते लेकाने आठवडाभर विचारत राहायचं. पुंजाजींनी समोरच्या छोट्या आरशात पाहिलं. तिथलं काही त्यांना नीट दिसत नव्हतं, पण सोजरबाईंनी तोंडावर पदर धरलाय एवढं त्यांना न दिसताही कळलं.

"बल्ब चांगला होता," ते म्हणाले. "तुया मायनं सोता बसवला. फुटायच्या आधी पुरा उजेड होता. म्या दगडाकडं पाहिलं." त्यांनी गाडी बंद केली. "मलेच नाही दिसला."

आयुष्यभर ज्या माणसाने साध्या खऱ्याला चार पाय आणि शेपूट लावल्याशिवाय दारातून बाहेर सोडलं नाही, त्याचं हे वाक्य एवढंसं होतं. हरीओमने बापाकडे वळून पाहिलं.

"काहून नाही सांगतलं मंग, दोन वर्सं?"

"आता सांगून राह्यलो ना."

हरीओमने हात पुढे केला. पुंजाजींनी चावी दिली. "उद्या अकोल्याले चालता माह्यासंगं," तो म्हणाला. "डोळ्याच्या डाक्टरकडं. गिऱ्हाईकाले नाही म्हणतो मी. पण डाक्टर हो म्हणेपर्यंत चावी माह्यापाशी. अन् गुरुवारी माय अनसिंगले जाईन. येतो मी सुट्टी टाकून, नाही तं गावातला ड्रायव्हर पाहू."

पुंजाजी उतरले. हरीओम सरकून स्टिअरिंगमागे बसला. पुढची जागा मोकळी होती, पण पुंजाजींनी मागचं दार उघडलं आणि सोजरबाईंच्या शेजारी जाऊन बसले. गाडी घेतल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्या जागेवर ते पहिल्यांदाच बसत होते.

"तेल म्या लावलं होतं," सोजरबाई अगदी हळू म्हणाल्या.

"माहीत हाय."

"अन् तुमी बोलले नाही."

"बल्ब भेटते," पुंजाजी म्हणाले. मग समोर बघून कुरकुरले, "इथून तं रस्ताच दिसत नाही वं. मधात पोराचं डोकं येते."

"येतेच," सोजरबाई म्हणाल्या. "अकरा वर्सं तुमचं टक्कल पाहून राह्यली मी. आता समजलं?"