फुगलेली अक्षरं

"बाबा बाहेर बसले तर चालेल?" बाईंनी चिमीला विचारलं. चिमीने लगेच मान हलवली. मी मुलांच्या बुटक्या खुर्चीतून कसाबसा उठलो आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

आतून तिचा आवाज यायला लागला. रेतीच्या ताटात बोटाने अक्षर काढायचं आणि काढता काढता त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. हा अभ्यास की खेळ, मला कळेना. दीड महिना माझ्यासमोर तोंड न उघडणारी पोरगी तिथे अडखळत का होईना, वाचत होती. म्हणजे अडचण अक्षरांची होती की माझी?

तास संपल्यावर बाई बाहेर आल्या. "डिस्लेक्सिया आहे. आळस नाही, हट्ट नाही."

"पण दिसतं ना तिला नीट?"

"स्वच्छ दिसतं. अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ पटकन बसत नाही. म्हणून डोळे, कान, बोटं, सगळ्यांना एकदम कामाला लावायचं. घरी हाताला लागतील अशी अक्षरं करा, कशाचीही."

मी मान डोलावली. कळलं किती, ते माझं मला ठाऊक. दीड महिन्यापूर्वी ती 'ब'ला 'व' म्हणाली म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली होती. हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी खोलीत शिरलो की ती पुस्तक मिटते. तिने पुन्हा एकदा माझ्यासमोर वाचावं, एवढंच मला हवं होतं. पण आठ वर्षांच्या पोरीची माफी कशी मागतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मी बेकरीत पीठ मळतो. दुसऱ्या दिवशी मळलेल्यातलाच एक गोळा बाजूला काढला आणि आठ अक्षरं वळली. 'ब'च्या पोटातली रेघ वेगळी वळून चिकटवली. अक्षरं भट्टीत सरकवून दुसऱ्या कामाला लागलो. बाहेर काढली तेव्हा ती जरा गुबगुबीत झाली होती. म्हटलं, असू दे, आपण केलेली आहेत, आपल्याला ओळखता येतील.

घरी बायकोने एक उचलून पाहिलं. "अहो, हा बटाटा का?"

"अक्षर आहे ते."

"पावाच्या पिठाचं? मग फुगणार नाही तर काय! वीस वर्षं बेकरीत काय माशा मारल्यात?"

चिमी मात्र खुर्ची ओढून बसली. एक अक्षर जवळ घेऊन तिने डोळे मिटले आणि त्यावरून बोट फिरवलं. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाली, "व?"

"अगं, ब आहे तो! नीट..." मी बोलता बोलता थांबलो. अक्षर हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, उजेडाकडे धरलं. पोटात रेघ होती की नुसती भेग? शेजारचं उचललं. तेही तसंच. मी माझ्या हातांनी केलेली अक्षरं, आणि मलाच सांगता येईना! मला राग आला, पण तो कुणावर काढायचा, तेही समजेना.

चिमी माझ्या तोंडाकडे बघत होती. "बाबा, तुम्हाला पण येत नाही?"

"नाही गं."

तिने जरा विचार केला. "मग तुम्हाला कोण मारतं?"

बायकोचा ओट्यावर चाललेला हात थांबला. चिमीच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"कुणी नाही," मी म्हणालो. "मला कुणीच मारत नाही. मी तुला मारायला नको होतं."

तिने ते ऐकून घेतलं. मग पुढचं अक्षर माझ्याकडे सरकवलं आणि बाईंसारखी शांत बसून राहिली. ते 'भ' होतं की 'म', देव जाणे. मी डोळे मिटले आणि तिच्यासारखंच त्यावरून बोट फिरवायला लागलो.